खून पहिल्याच पानावर होतो

केजमध्ये एका निकाहच्या दावतीत एका शिक्षक मित्रांनी मला चारचौघांत विचारले, "तुम्ही स्वतःला साहित्यिक म्हणवता आणि अजून त्या खुनाच्या गोष्टी वाचता?" शेजारी बसलेल्या मौलवीसाहेबांनी मान डोलावली. या दोघांचे एकमत क्वचितच होते. शिक्षकांचे म्हणणे, रहस्यकथा हे साहित्यच नव्हे. मौलवीसाहेबांचे म्हणणे, ती वाचून मनात गुन्ह्याचे बी पडते. दुसऱ्याच्या दस्तरखानावर बसून वाद घालू नये म्हणून मी तेव्हा गप्प राहिलो. इथे गप्प बसण्याचे कारण नाही.

माणसाला रक्ताची ओढ असते म्हणून तो असली पुस्तके वाचतो, हे दोघांचेही गृहीत आहे. ज्यांनी ती वाचलेलीच नाहीत त्यांनाच हे गृहीत धरता येते. रहस्यकथेत खून पहिल्या पानावर उरकतो, पुष्कळदा तोही पडद्याआड. उरलेली सव्वाशे पाने कशाची असतात? विचारपूस, ठसे, वेळेचा मेळ, साक्षीदाराच्या जबाबातली विसंगती. शेरलॉक होम्सच्या कितीतरी कथांत तर खूनच नाही. वाचक प्रेतासाठी आला असता तर दहाव्या पानावर पुस्तक मिटून निघून गेला असता. तो शेवटच्या पानासाठी थांबतो. भाड्याने पुस्तके देणाऱ्या दुकानातून आणलेल्या पुस्तकाचे शेवटचे पान फाटलेले निघाले की जो संताप होतो, तो ज्याने अनुभवला आहे त्याला मी काय म्हणतो ते कळेल.

आमच्या पिढीच्या वाचनाची सुरुवात बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडने झाली. हजारावर पुस्तके लिहिली त्या माणसाने. पुढे गुरुनाथ नाईक आले, सुहास शिरवळकर आले. शिरवळकरांचे दारा बुलंद आणि फिरोज इराणी मोहल्ल्यात पोहोचले तेव्हा 'हा आपला की पारशी' यावर पोरांत रात्ररात्र वाद झाले. मराठी पुस्तकाच्या नायकाला असले नाव असू शकते, याचेच अप्रूप! निजामाच्या राजवटीत उर्दूत शिकलेल्या वडीलधाऱ्यांच्या उशाशी मात्र इब्ने सफी असत. १९५२ साली अलाहाबादहून 'जासूसी दुनिया' सुरू झाली आणि कर्नल फरीदी व कॅप्टन हमीद ही जोडी उर्दू वाचणाऱ्या घराघरांत शिरली. त्याच कादंबऱ्या हिंदीत आल्या तेव्हा फरीदीचा विनोद झाला आणि इमरानचा राजेश. हमीद मात्र हमीदच राहिला. प्रकाशकाने काय हिशेब केला असेल तो असो. दुय्यम असेल तर हमीद चालतो, प्रमुख असेल तर विनोद लागतो, एवढे त्यातून माझ्यासारख्याला समजले.

या वाङ्मयात दोष नाहीत असे मी म्हणत नाही. तस्कर म्हटला की त्याला दाढी आणि आपल्यातले नाव, हेर म्हटला की तो सीमेपलीकडचा, आणि बाई म्हटली की ती जाळ्यात ओढणारी, असा माल रतीबाने निघाला आणि आपण तो पैसे देऊन वाचला. पण हा दोष लेखकाच्या आळसाचा आहे, प्रकाराचा नव्हे. प्रकाराची मूळ अट उलटी आहे: ज्याच्यावर पहिला संशय जातो तो बहुधा गुन्हेगार नसतो.

हे वाक्य मुसलमान वाचक कसे वाचतो, याचा विचार आमच्या समीक्षकांनी कधी केला आहे काय? ८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बारातच्या दिवशी, मालेगावच्या बडा कब्रस्तानात स्फोट झाले. मेले ते मुसलमान, आणि आरोपी म्हणून धरले तेही मुसलमान, एकूण नऊ जण. २५ एप्रिल २०१६ रोजी विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. त्यातला एक तोवर मरण पावला होता. २००८च्या मालेगाव स्फोटातले सातही आरोपी ३१ जुलै २०२५ रोजी निर्दोष सुटले. त्याआधी दहाच दिवस, २१ जुलैला, मुंबई उच्च न्यायालयाने २००६च्या लोकल गाड्यांतील स्फोटांच्या खटल्यातील बारा जणांची शिक्षा रद्द केली होती. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल इतर खटल्यांत पूर्वोदाहरण म्हणून वापरण्यास स्थगिती दिली आहे. कोण सुटले आणि कोण अडकले, याची मोजदाद जो तो आपल्या सोयीने करतो. माझा प्रश्न वेगळा आहे. मालेगावच्या त्या माणसांना मारले कोणी? इतक्या वर्षांनंतरही कोणावर गुन्हा सिद्ध नाही. शेवटचे पान फाटलेलेच आहे. अशा वाचकाने पाच-पंचवीस रुपयांच्या पुस्तकात शेवटचे पान शोधले तर त्याला रक्तपिपासू म्हणायचे?

रक्ताची ओढ कशी दिसते ते केजने अलीकडेच पाहिले आहे. ९ डिसेंबर २०२४ रोजी याच तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण करून खून झाला. पवनचक्की प्रकल्पाकडे मागितलेल्या खंडणीचा धागा त्यात निघाला, आरोपपत्र दाखल झाले, आणि मार्च २०२५च्या सुरुवातीला त्या छळाची छायाचित्रे बाहेर आली. दुसऱ्याच दिवशी, ४ मार्चला, मंत्री धनंजय मुंडे यांनी राजीनामा दिला. त्या चित्रांनी राज्य हादरले हे खरे. पण तीच चित्रे चहाच्या टपरीवर एका मोबाइलवरून दुसऱ्या मोबाइलवर पाठवणारे हातही मी पाहिले, आणि त्यांतले बरेच हात 'खुनाच्या गोष्टी वाचू नयेत' म्हणणाऱ्यांचे होते. टपरीवरचा पहिला सवाल पुराव्याचा नव्हता, आडनावाचा होता. मारणारा कोणत्या जातीचा, मरणारा कोणत्या जातीचा, एवढे कळले की तपास संपला! आपला मोहल्लाही त्यात मागे नव्हता. यावेळी नाव आपले नाही, म्हणून सुटकेचा निःश्वास टाकणारे मी ऐकले. मला त्याची लाज वाटली.

आता मौलवीसाहेबांना दोन शब्द. 'जासूसी' हा शब्द ज्या 'तजस्सुस'वरून आला, ते दुसऱ्याच्या घरात डोकावणे सूरह हुजुरातच्या बाराव्या आयतीने मना केले आहे, हे मला ठाऊक आहे. पण त्याच सूरहची सहावी आयत खबर आली की आधी पडताळून पाहा असे बजावते. आणि सूरह यूसुफचे काय? दाराशी दोघांचे परस्परविरोधी जबाब आहेत, आणि निवाडा कशावर होतो? सदरा पुढून फाटला की मागून, यावर. आरोप करणारी बडी असामी, आरोपी परमुलखातून विकत आणलेला पोरगा. तरी कापडाची साक्ष मानली गेली. पुढे त्याला तुरुंगात टाकले ते पुरावा नव्हता म्हणून नव्हे, पुरावा पाहूनही टाकले. असा तुरुंग ओळखायला आपल्या लोकांना तफसीर उघडावी लागत नाही.

शिक्षक मित्रांना आणि त्यांच्या आडून आमच्या लेखकांना माझा खरा सवाल आहे. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झाले. तेव्हापासून आपण कविता लिहिल्या, आत्मकथने लिहिली, वेदना मांडली. ते आवश्यकच होते. पण वेदना मांडणारा नेहमी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा असतो; प्रश्न दुसरे विचारतात. मराठीत प्रश्न विचारणारा मुसलमान आपण का निर्माण केला नाही? केज ठाण्यातला एखादा हवालदार, घरी दखनी बोलणारा, पंचनामा मराठीत लिहिणारा. ऊसतोड मुकादमाच्या वहीत उचलीची रक्कम एक आणि मजुराच्या सांगण्यात दुसरी. कारखान्यावर गेलेला एक गडी परत येत नाही. गाव म्हणते पळाला असेल. हवालदार ती वही मागवतो आणि दिव्याखाली धरून तिच्यातली शाई पाहत बसतो.