दुखणेकऱ्याच्या घरचा खर्च

कर्करोगाचें निदान झालें असें कानीं येतांच आप्तेष्ट, शेजारी व स्नेही मंडळी प्रथम विचारतात तें उपचाराविषयीं. डॉक्टर कोण, रुग्णालय कोणतें, औषधाला किती पडतील. हे प्रश्न योग्यच आहेत. परंतु ज्या घरांत हें दुखणें शिरतें त्या घराला आणखीहि एक खर्च सोसावा लागतो. तो औषधाइतकाच पिळून काढणारा असतो, आणि त्याची विचारपूस मात्र फारसें कोणी करीत नाहीं. दात्यांच्या यादींत त्याला सदर नसतें व रुग्णालयाच्या बिलावर त्याचा आंकडा नसतो. आपल्या शाळेंतील विद्यार्थी व त्यांचे पालक यांनीं या दुसऱ्या खर्चाकडे लक्ष द्यावें, व वर्षाकाठीं आपण जो मदतनिधि जमवितों त्याचा कांहीं भाग तिकडे वळवावा, एवढें सुचविण्यासाठीं हा लेख लिहीत आहें.

हा रोग आठ-पंधरा दिवसांचा पाहुणा नव्हे. किरणांचा उपचार सांगितला म्हणजे आठवड्यांतून पांच दिवस याप्रमाणें बहुधा सहा-सात आठवडे रोज रुग्णालयांत जावें लागतें. ज्या औषधोपचाराला घरोघर नुसतें ‘केमो’ म्हणतात त्याच्या पाळ्या पुष्कळदां तीन तीन आठवड्यांच्या अंतरानें महिनेच्या महिने चालतात. लहान मुलांना होणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाचा एक नेहमींचा प्रकार आहे, त्याचा उपचार तर दोन ते तीन वर्षें पुरतो. चंद्रपूरच्या किंवा सावंतवाडीच्या माणसानें इतका काळ जाऊन येऊन उपचार घेणें शक्य नाहीं. त्याला मुंबईस बिऱ्हाड करावें लागतें, आणि एकट्यानें तें होत नसल्यामुळें सोबतीला घरचें एक माणूस न्यावें लागतें. तें माणूस कोण? बहुतकरून घरांतलें कमावतें, नाहीं तर चूल संभाळणारें. म्हणजे दुखणें एकाचें, पण घरांतून माणसें दोन उणीं होतात. मजुरी बुडते, शेत दुसऱ्यास अर्धलीनें द्यावें लागतें, शेळ्या विकल्या जातात आणि शेवटीं सावकाराचा उंबरठा झिजवावा लागतो. इतकें होऊनहि रुग्णालयाच्या हिशेबीं या कुटुंबाला ‘मोफत उपचार’ मिळालेले असतात!

शिवाय राहण्याची व खाण्यापिण्याची गोष्ट ही येथें चैनीची नाहीं. केमोच्या औषधांनीं रक्तांतील पांढऱ्या पेशी घटतात व साधा ताप किंवा जुलाबहि जिवावर बेतूं शकतो. अशा रोग्याला स्वच्छ पाणी, ताजें शिजविलेलें अन्न व निजावयास कोरडी जागा मिळणें हा उपचाराचाच एक भाग होय. परळला रुग्णालयाच्या आसपास पदपथावर पथारी टाकून राहिलेलीं कुटुंबें ज्यांनीं पाहिलीं आहेत त्यांना हें निराळें सांगावयास नको.

परळचें तें रुग्णालय स्वतः दानांतूनच उभें राहिलेलें आहे. लेडी मेहेरबाई टाटा या १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें वारल्या. पुढच्याच वर्षीं त्यांचे पति सर दोराबजी निवर्तले. त्यांच्या नांवच्या विश्वस्त निधींतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं टाटा मेमोरियल हॉस्पिटल उघडलें. १९५७ सालीं तें केंद्र सरकारकडे आलें व १९६२ पासून अणुशक्ति खात्याच्या व्यवस्थेखालीं आहे. एका घरच्या दुःखांतून देशभरच्या रोग्यांची सोय व्हावी ही मोठीच गोष्ट. परंतु रुग्णालय कितीहि मोठें झालें तरी तें रोग्याला खाट देतें. त्याच्या बायकोनें रात्रीं कोठें पाठ टेकावी, मुलानें दुपारीं काय खावें, हें पाहणें त्याच्या आवाक्याबाहेरचें राहतें. तें काम दुसऱ्या दात्यांनीं उचललें, आणि मला त्यांचें कौतुक अधिक वाटतें; कारण त्यांना तो न दिसणारा खर्च दिसला.

संत गाडगे महाराजांचें उदाहरण महाराष्ट्राला परकें नाहीं. अंगावर चिंध्या व हातांत फुटकें मडकें घेऊन फिरलेल्या या पुरुषानें पंढरपूर, नाशिक, आळंदी येथें यात्रेकरूंसाठीं धर्मशाळा बांधविल्या व स्वतःसाठीं झोंपडीहि ठेविली नाहीं. १९५६ सालीं ते गेले. त्यांच्या नांवानें दादर येथें चालणाऱ्या धर्मशाळेंत आज मुख्यत्वें कर्करोगी व त्यांचे नातलग अल्प मोबदल्यांत राहतात. परळच्या यात्रेला देव नाहीं, पण यात्रेकरू मात्र तेच, खेड्यापाड्यांतले, गांठोडें घेऊन आलेले. जीवन ज्योत नांवाची संस्था त्याच परिसरांत रोग्यांना व त्यांच्या माणसांना जेवूं घालते. मुलांसाठीं २००६ सालीं मुंबईंत श्यामा व निहाल कविरत्ने या दांपत्यानें सेंट ज्यूड या नांवानें निवासगृहें सुरू केलीं. तीं पुढें इतर शहरांतहि निघालीं. तेथें आजारी मूल व त्याचे आईबाप यांना बिनभाड्याची जागा मिळते, आणि, हें मला विशेष महत्त्वाचें वाटतें, सामाईक स्वयंपाकघरांत आईला आपल्या हातानें रांधतां येतें. बंगालची आई आपल्या लेकराला तिच्या चवीचा भात घालते, विदर्भाची आई भाकरी थापते. वाढलेलें ताट देणें सोपें. परंतु आईला तिचें स्वयंपाकघर परत देणें यांत अधिक समज आहे.

हें सारें मनाच्या समाधानापुरतें आहे असें कोणी समजूं नये. जागतिक आरोग्य संघटना सांगते कीं, कर्करोग झालेल्या मुलांपैकीं संपन्न देशांत शेंकडा ऐंशींहून अधिक मुलें बरीं होतात, तर अनेक गरीब व मध्यम स्थितींतील देशांत शेंकडा तीसहि होत नाहींत. या तफावतीचीं कारणें अनेक असलीं तरी उपचार मध्येंच सोडून देणें हें त्यांतील एक ठळक कारण होय. बाप आपल्या मुलाला औषध कडू लागतें म्हणून घरीं परत नेत नाहीं. गाडीभाड्याचे पैसे व खोलीचें भाडें संपलें म्हणून नेतो.

शुभवर्तमानांतील चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आपल्या मुलांस पाठ आहे. जखमांवर तेल ओतणें एवढेंच सर्वांच्या ध्यानांत राहतें. पण त्यानें त्या मनुष्यास उतारशाळेंत नेलें, तिच्या मालकाच्या हातीं नाणीं दिलीं आणि अधिक खर्च लागल्यास परत येतांना देईन म्हणून सांगितलें. राहण्याचा खर्च व पुन्हां येण्याचा वायदा, दोन्ही त्यांत आहेत.

आतां पालकांपैकीं कांहींजण म्हणतील, “सरकारी योजना आहे, मग आपण कशाला?” योजना आहे खरी. २०१२ सालीं आठ जिल्ह्यांत जी जीवनदायी योजना सुरू झाली तिलाच २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणतात. तिच्यांत कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमो व किरणोपचार येतात, आणि तिनें असंख्य घरें सांवरलीं. रेल्वेहि उपचारासाठीं जाणाऱ्या कर्करोग्यास शयनयानांत पूर्ण सवलत देते व सोबतच्या एका माणसास भाड्याचा चौथा हिस्साच आकारते. मात्र रुग्णालयाचा ठराविक नमुन्यांतील दाखला जवळ असावा लागतो. अडचण येथेंच आहे. शिधापत्रिका, आधारपत्र, उत्पन्नाचा दाखला, डॉक्टरांचें पत्र, यांतील एक कागद कमी पडला तरी निरक्षर माणूस एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर हिंडत राहतो. आपल्या पालकवर्गांत तहसील कचेरींत नोकरी करणारे आहेत, बँकेंतले आहेत, वकील आहेत. त्यांनीं एका कुटुंबाचे कागद एका बैठकींत नीट लावून दिले तर एक पैहि न वेंचतां हजारों रुपयांचें दान घडेल. योजना औषधाचे पैसे भरते. घरभाडें, किराणा व बुडालेली मजुरी यांना तिच्यांत जागा नाहीं.

आपल्या शाळेंतच घडलेली गोष्ट सांगतों. नववीच्या वर्गांतील एका मुलीची गैरहजेरी पावसाळ्यांत वाढूं लागली. वडिलांच्या घशाला कर्करोग झाला होता, आई त्यांच्यासोबत मुंबईस गेली होती, आणि घरीं म्हातारी आजी व दोन धाकटे भाऊ या मुलीच्या गळ्यांत पडले होते. तिची फी ताबडतोब माफ झाली, पुस्तकेंहि मिळालीं. तरी ती येईना. येणार कशी? तिला फीची अडचण नव्हतीच. सकाळचे आठ ते अकरा चुलीपाशीं कोणी बसावें, ही अडचण होती. शेवटीं गल्लींतल्या दोन बायांनीं पाळीपाळीनें तिच्या घरीं भाजी-भाकरी पोंचविण्याचें पत्करलें, एका पालकानें वाण्याकडे महिन्याचा किराणा लावून दिला, आणि ती मुलगी दिवाळीनंतर वर्गांत येऊं लागली. या सर्व मदतीला जो पैसा लागला तो आपल्या स्नेहसंमेलनाच्या मंडपाच्या खर्चाच्या पासंगासहि पुरला नसता. मुलगा असता तर कदाचित् त्याची शाळा सुटली नसती. पण बहुतेक घरांत चुलीपाशीं बसण्याची पाळी मुलीवरच येते. हें लिहिणें अप्रिय असलें तरी लिहिलें पाहिजे.

आणखी एक अप्रिय गोष्ट. तोंडाचा किंवा घशाचा कर्करोग झाला म्हणजे मदत मागावयास गेलेल्या बाईला ऐकावें लागतें, “तंबाखू खातांना कळलें नाहीं काय?” तंबाखूनें हा रोग होतो हें शास्त्रसिद्ध आहे, आणि मुलांनो, ती पुडी तुम्ही हातीं धरूं नये हें मी वर्गांत वारंवार सांगतों. परंतु तें सांगण्याची वेळ रोगापूर्वींची आहे. बापानें तंबाखू खाल्ली असेल. मुलांनीं तर खाल्ली नव्हती? मग त्यांच्या दुधाचा रतीब बंद पडावा असा न्याय कोणत्या धर्मांत सांगितला आहे? शिवाय स्तनाचा, रक्ताचा, मेंदूचा कर्करोग झालेल्यांनीं काय केलें होतें? आणि हा रोग एकाजवळून दुसऱ्यास लागत नसतांना ज्या शेजारणी त्या घरचें पाणी पीत नाहींत त्यांच्या पैशाच्या मदतीपेक्षां त्या येऊन घटकाभर बसल्या असत्या तर त्या घराला अधिक आधार झाला असता.

देण्याच्या रीतीविषयींहि बोलणें प्राप्त आहे. हल्लीं फोनवर आजारी मुलांचीं छायाचित्रें फिरतात व लोक त्यावर पैसे पाठवितात. त्यांतून कित्येकांचे प्राण वांचले असतील, मी त्याला नांवें ठेवीत नाहीं. पण ज्याचा चेहरा करुण, ज्याच्या ओळखीचें माणूस चांगलें लिहिणारें, त्याची झोळी भरते आणि ज्याला आपलें दुःख मांडतां येत नाहीं तो तसाच राहतो. व्यासपीठावर बोलावून, हार घालून, पाकीट हातीं देऊन टाळ्या वाजविण्याची जी पद्धत आहे ती तर निदान शाळेंत तरी बंद व्हावी. दुसऱ्या दिवशीं त्याच वर्गांत त्या मुलाला बसावयाचें असतें.

म्हणून माझें म्हणणें असें. दर वर्षीं आपण जमलेला सर्व निधि एका धनादेशानें मोठ्या संस्थेकडे पाठवितों. अर्धा तसाच पाठवावा. भारतीय कॅन्सर सोसायटी १९५१ पासून व कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन १९६९ पासून काम करीत आहेत, त्यांच्यासारख्या संस्थांना तो पोंचावा. उरलेला अर्धा शाळेंत ठेवावा, आणि आपल्या मुलांपैकीं ज्याच्या घरीं हें दुखणें असेल त्या घराला उपचार चालेतोंपर्यंत दर महिन्यास ठरावीक मदत द्यावी. एकदांच पांच हजार देण्यापेक्षां दर महिन्यास पांचशें देणें अशा घराला अधिक उपयोगी पडतें, कारण पुढच्या महिन्याची चिंता त्यानें कमी होते. फसवणुकीची भीति वाटत असेल तर रोख पैसे न देतां वाण्याचें बिल, खोलीचें भाडें व मुलांचा एस. टी. पास परस्पर चुकवावा. दोन शिक्षक व एक पालक यांनीं निर्णय करावा. हिशेब तपासला जावा, नांवें मात्र छापूं नयेत.

आणि रोगी न वांचल्यास मदत तेराव्या दिवशीं थांबवूं नये. वांद्र्यास १९८६ सालीं डॉ. लुईस डिसोझा यांनीं शांति अवेदना सदन काढलें तें ज्यांचा रोग बरा होणार नाहीं अशांसाठीं. भारतांतलें तशा प्रकारचें तें पहिलेंच घर. तेथें शेवटचे दिवस वेदनेविना जावेत म्हणून झटतात. त्यानंतर मागें राहिलेल्या घराचें कर्ज, विकलेल्या शेळ्या व बुडालेली शाळा हीं तशींच राहतात. आपल्या निधींतून आणखी सहा महिने तरी त्या घराचा किराणा चालावा असें मला वाटतें.

जूनमध्यें शाळा उघडल्यावर पहिल्याच पालकसभेंत हा प्रस्ताव मांडण्याचा विचार आहे. ज्यांना तो पसंत नसेल त्यांनींहि अवश्य यावें. विशेषतः मासिक रक्कम किती असावी व कोणत्या वाण्याकडे खातें काढावें, याविषयीं गांवांतल्या मंडळींचा अनुभव माझ्यापेक्षां अधिक आहे.