पान्यांची पिशवी

गेल्या वर्षी जून महिन्यात माझा भाचा लातूरहून पुण्याला गेला. यात बातमी होण्यासारखे काही नाही. लातूरहून पुण्याला रोज रात्री गाड्यांमागून गाड्या सुटतात आणि प्रत्येक गाडीत कोणाचा ना कोणाचा भाचा असतोच. पण हा काही इंजिनिअरिंगला निघालेला नव्हता, की स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसायलाही नव्हता. आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून तो एका मोटारविक्रेत्याच्या वर्कशॉपमध्ये टेक्निशियन म्हणून रुजू व्हायला चालला होता. सामान दोनच. एक कपड्यांची बॅग आणि दुसरी दाजींनी दिलेली पान्यांची कॅनव्हासची पिशवी. बॅग त्याने डिकीत टाकली, पिशवी मात्र मांडीवर घेऊन बसला. अक्काचा जीव राहीना, म्हणून सोबतीला मी.

आमचे गाव म्हणजे गुणांचे गाव. 'लातूर पॅटर्न'चे नाव महाराष्ट्रात सर्वांनी ऐकले आहे. दहावीचा निकाल लागला की गंजगोलाईपासून औसा रोडपर्यंत एकच प्रश्न असतो, किती पडले? या भाच्याला बासष्ट टक्के पडले, तेव्हा त्याच्या घरी जाऊन सर्वांत लांब चेहरा करून कोण बसले असेल तर मी. आयुष्यभर मास्तरकी केलेला माणूस! "आयटीआय काय करतोस, सायन्स घे, मी शिकवतो," असे मी त्याला बजावले होते. त्याने ऐकले नाही. आज लिहिताना कबूल करायला हरकत नाही, की त्याला त्याचे हात माझ्यापेक्षा चांगले ओळखता आले.

आता कोणीही विचारील, की दाजींचे स्वतःचे गॅरेज असताना पोराला परमुलखात पाठवण्याची गरज काय? हाच प्रश्न मी दाजींना विचारला. ते म्हणाले, "मास्तर, माझं दुकान माझ्याबरोबर म्हातारं झालंय."

दाजींची उमेदवारी अँबॅसिडर आणि फियाटवर झाली. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, तीही त्यांनी आपलीशी केली. लांब स्क्रू ड्रायव्हरचे एक टोक इंजिनावर आणि मूठ कानाला लावून ते दोष सांगत. प्लगच्या टोकावरचा रंग पाहून कार्बोरेटर कमी पेट्रोल देतो की जास्त, हे ओळखत. २००० सालापासून धुराचे निकष कडक होत गेले आणि कार्बोरेटर नव्या मोटारींतून गेला. इंजिनात किती पेट्रोल सोडायचे हे इलेक्ट्रॉनिक यंत्रणा ठरवू लागली. १ एप्रिल २०२० पासून देशभर 'भारत स्टेज सहा' लागू झाले. चारावरून थेट सहावर उडी! आता स्टिअरिंगच्या खाली असलेल्या सॉकेटला स्कॅनर जोडल्याशिवाय नव्या मोटारीच्या बऱ्याच दोषांचा पत्ता लागत नाही. विजेवरच्या मोटारींची तर गोष्टच वेगळी. त्यांतल्या नारिंगी वायरींमधून काही शे व्होल्टचा दाब खेळतो. रबरी हातमोजे आणि रीतसर प्रशिक्षण यांवाचून तेथे हात घालणे म्हणजे मरणाला आमंत्रण. हे प्रशिक्षण आणि ही उपकरणे डीलरच्या वर्कशॉपमध्ये मिळतात. दाजींच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती कोठून येणार? तेव्हा पोराने घर सोडले ते बापाचा धंदा टाकण्यासाठी नव्हे, तर तो पुढे शिकण्यासाठी.

पहाटे पुण्यात उतरलो. दहा वाजता वर्कशॉपमध्ये गेलो. काचेसारखी फरशी, ओळीने लावलेल्या लिफ्ट, प्रत्येक गाडीचे वेगळे जॉब कार्ड. मॅनेजरसाहेब सज्जन होते. त्यांनी चहा पाजला, कागद पाहिले आणि "सोमवारी रुजू हो" म्हणून सांगितले. बोलता बोलता त्यांनी खंतही बोलून दाखवली : "पोरं टिकत नाहीत हो. शिकवून तयार करावं तर सहा महिन्यांत जातात." राहणार कुठे, हे मात्र त्यांनी विचारले नाही.

ते आम्ही पुढचे तीन दिवस शोधत होतो. एका घरमालकाला एकटी मुले नको होती. दुसऱ्याला चालत होती, पण संगणक कंपनीतली. तिसऱ्याने सगळे ठरवले आणि काम काय म्हणून विचारले. गॅरेजचे नाव निघताच तो म्हणाला, "नको. काळे हात भिंतींना लागतात." भाचा काही बोलला नाही. त्याने फक्त हात खिशात घातले. मास्तर म्हणून मी हजारो मुलांना श्रमप्रतिष्ठेवर निबंध लिहायला लावले असतील. त्या जिन्यात मला त्यांतले एक वाक्य आठवेना.

अखेर चार कॉटच्या एका खोलीत एक कॉट मिळाली. भाडे साडेतीन हजार, अनामत दोन महिन्यांची. डब्याचे तीन हजार आगाऊ. वर्कशॉपचे बूट, बादली, गादी, बसचा पास यांचे आणखी तीन. हातात येणारा पगार पंधरा हजार, तोही महिना भरल्यावर. म्हणजे पहिला पैसा मिळण्याआधी साडेसोळा हजार खर्च. नोकरीसाठी कोणाला एक रुपया चारावा लागला नाही, ही समाधानाची गोष्ट. पण नोकरीच्या दारापर्यंत पोचायला अक्काला बचत गटातून कर्ज काढावे लागले. ज्या घरात अक्का नाही आणि बचत गटही नाही, त्या घरातल्या मुलाने काय करावे? त्याच्या हातात प्रमाणपत्र असते, नेमणुकीचे पत्र असते आणि तरीही तो गावातच राहतो.

पोटासाठी गाव सोडणे महाराष्ट्राला नवे नाही. कोकणातला आणि घाटावरचा माणूस मुंबईच्या गिरण्यांत गेला तेव्हा त्याच्याजवळ काय होते? पण त्याच्या आधी गेलेल्यांनी गिरणगावात गावाच्या नावाने खोल्या घेऊन ठेवल्या होत्या. गावचा कोणीही आला की वळकटी टाकायला जागा मिळे. एक पाळी कामावर गेली की तिच्या जागेवर दुसरी झोपे. जेवायला खानावळी होत्या आणि त्या चालवणाऱ्या बायकांच्या पाठीशी उभे राहण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पुढे ते जगच विरले. त्या खोल्यांचे गोडवे गाण्यात अर्थ नाही, तिथली दाटी आणि ढेकूण कोणालाही नकोत. पण "तू कोणत्या गावचा?" हे विचारून दार उघडणारा माणूस तिथे होता. आज दार उघडणारा विचारतो, "डिपॉझिट आणलंय का?"

आपल्या व्यवस्थेत एक गंमत आहे. १९५० साली कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली आणि गावोगावच्या मुलांना आयटीआयचे दार उघडले. शिकणाऱ्यासाठी वसतिगृहे आहेत, कमी असली तरी आहेत. नोकरदार महिलांच्या वसतिगृहांसाठीही केंद्र सरकारची योजना १९७२-७३ पासून आहे. पण अठरा-वीस वर्षांचा मुलगा ज्या दिवशी विद्यार्थ्याचा कामगार होतो, त्या दिवशी तो एकदम कोणाचाच राहत नाही. खरे तर त्याला आधाराची गरज त्याच दिवशी सर्वांत जास्त असते.

मोठमोठ्या योजनांची मी वाट पाहत नाही. वर्कशॉपच्या मालकांनी दोन गोष्टी केल्या तरी पुष्कळ होईल. खोलीच्या अनामतीएवढी उचल द्यावी आणि ती सहा हप्त्यांत पगारातून कापावी. दुसरे म्हणजे आधी आलेल्या मुलांकडून भरवशाच्या खोल्यांची यादी करून नव्या मुलाच्या हाती द्यावी. पोरे टिकत नाहीत ही तक्रार खरी असेल, तर तिचे कारण अनेकदा लिफ्टखाली नसून त्या चार कॉटच्या खोलीत असते. आणि शहरात स्थिरावलेल्या आपल्या गावकरी मंडळांनी स्नेहसंमेलनाच्या जेवणावळीतला थोडा पैसा एखाद्या खोलीसाठी बाजूला काढला, तर काय बिघडेल? शहरातल्या वाचकांनाही एक विनंती. गाडीचे ब्रेक ज्याच्या हातांवर भरवसा ठेवून आपण दाबतो, त्या हातांची आपल्या भिंतीला एवढी भीती नसावी.

दिवाळीच्या आधी भाच्याचा दाजींना फोन आला. मी तिथेच बसलो होतो. एका गाडीत स्कॅनर सारखा एकच दोष दाखवत होता, हवा जास्त, पेट्रोल कमी. सेन्सर बदलून झाला, तरी दोष कायम. संध्याकाळी बाकीच्या लिफ्ट बंद झाल्यावर याने इंजिन चालू ठेवून कान दिला. बारीक फुसफुस ऐकू आली. मागच्या बाजूची एक रबरी नळी चिरली होती आणि तिथून इंजिन चोरून हवा ओढत होते. "अण्णा, स्कॅनर कुठं बघायचं ते सांगतो, काय झालंय ते नाही सांगत," तो म्हणाला.

दाजी नुसते "बरं" म्हणाले आणि फोन ठेवून शेडबाहेर गेले. थोड्या वेळाने आत आले, ते जेवतो आहे का, असे अक्काला विचारून मला सांगा, म्हणाले. फोनवर ते विचारायचे राहून गेले होते.

अक्काने विचारले. तो जेवतो आहे. पान्यांची पिशवी कॉटखाली ठेवली आहे, असेही त्याने सांगितले. वर्कशॉपमध्ये सगळी हत्यारे मिळतात, तेव्हा तिचा उपयोग फारसा नाही. पण तिच्याशिवाय ती कॉट त्याला आपली वाटत नाही.