आधी पेटीतली लोकर



महावीर जयंती झाली की आमच्या घरची मंडळी सिमला-मनालीला निघणार आहेत. नातीची परीक्षा तोवर संपते. तिने मोबाइलवर बुटांच्या वर घालायचे विणलेले कफ पाहिले आणि "आजी, मला हे करून दे" म्हणून मागे लागली. म्हणून परवा संध्याकाळी मी सोसायटीच्या बाकावर सुया घेऊन बसले होते. आमच्या सोनिवलीत उकाडा सुरू झालेला आणि माझ्या मांडीवर लोकरीचा गुंडा! शेजारच्या एकीने हसून विचारलं, "काकू, या उन्हात लोकर?" मग जरा थांबून दुसरा प्रश्न आला, "ही मेंढीची, की आपली साधी?"

पहिला प्रश्न थट्टेचा होता, दुसरा नव्हता. बाकावर आम्ही चौघी होतो आणि मतं पाच झाली. एक म्हणाली, मेंढीची लोकर नकोच. दुसरी म्हणाली, कातरताना मेंढी मरत नाही, मग हरकत काय? माझ्या सूनबाईंचं मत मला आधीच ठाऊक होतं. "आई, ॲक्रिलिक घ्या, त्यात कुणाचा जीव जात नाही."

घरी येऊन मी विचार केला. माझं मत असं झालं आहे की आपण प्रश्न बरोबर विचारतो, पण लवकर थांबतो. लोकर कुठली हे विचारतो. घरात आधीच किती आहे, हे विचारत नाही.

आधी कफ म्हणजे काय ते सांगते. पायमोज्याचा फक्त वरचा भाग समजा, तळ नसलेली नळी. अर्धी बुटाच्या आत जाते, अर्धी वर दिसते. नुसती शोभा असती तर मी सुया काढल्या नसत्या. पण मनालीहून बर्फाकडे जाताना रस्त्यावरच्या दुकानांत कोट आणि रबरी बूट भाड्याने घ्यावे लागतात. रबरी असतात, चामडं नसतं, ही आपल्यासाठी सोयच. पण ते बूट वरून रुंद असतात. पोरं बर्फात उड्या मारतात आणि बर्फ वरून आत जातो. मग ओले मोजे आणि रात्री ताप! रोहतांगची खिंड 3,978 मीटरवर आहे, तिथे जायला मिळो न मिळो. 2020 साली अटल बोगदा झाल्यापासून लोक 9 किलोमीटरचा तो बोगदा पार करून सिस्सूला जातात. तिथे खेळायचं म्हणजे बुटाचं तोंड बंद हवं. दोन सुलट दोन उलट ही वीण पोटरीला धरून बसते आणि तेवढं काम करते. याच लाहौल भागातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या मोजे विणत आल्या आहेत, त्यांच्या मोज्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. थंडीच्या गावाला हे शहाणपण आपल्याआधी सुचलेलं आहे.

आता लोकरीकडे येऊ. मराठीत आपली एक गंमत आहे. दुकानात आपण सगळ्यालाच लोकर म्हणतो. उल्हासनगरच्या बाजारातून रंगीत गुंडे आणतो, त्यातले बहुतेक ॲक्रिलिकचे असतात, म्हणजे खनिज तेलापासून केलेला धागा. मेंढीशी त्याचा संबंध नाही. ओळखायचं असेल तर एक धागा जाळून पाहा. मेंढीची लोकर केस जळल्यासारखी वास मारते आणि चुरगळणारी राख होते. ॲक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो.

रेशमाबद्दल आपल्यात वाद नाही. कोश उकळतात, आत जीव असतो, म्हणून पूजेला आपण सुती नेसतो. लोकरीचं तसं सरळ नाही. श्वेतांबर साधू-साध्वींचा ओघा लोकरीचा असतो, सामायिकाचं कटासणंही. आपल्या दिगंबर मुनींची पिंछी मोराने आपोआप टाकलेल्या पिसांची. दोन्हीमागे हेतू एकच, बारीक जीवाला इजा न होता तो बाजूला व्हावा. तेव्हा लोकर म्हणजे सरसकट पाप, असं मला म्हणवत नाही.

पण लोकर म्हणजे निर्दोष, असंही म्हणवत नाही. सांगली-साताऱ्याकडे धनगरांच्या मेंढ्या शेतात बसवलेल्या मी लहानपणी पाहिल्या आहेत. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, तिची घोंगडी होते. आज ती मेंढी मुख्यतः मांसासाठीच पाळली जाते, लोकर हे जोडउत्पन्न. मऊ मेरिनो लोकर ऑस्ट्रेलियातून येते. तिथे माश्यांनी अंडी घालू नयेत म्हणून कोकराच्या शेपटीजवळची कातडी कापून काढण्याची पद्धत अजून पुष्कळ ठिकाणी चालते. न्यूझीलंडने ती 2018 साली बंद केली. कातरताना मेंढी मरत नाही हे खरं, पण हिशेब तिथे संपत नाही.

मग सूनबाई म्हणतात ते ॲक्रिलिक? इथे मला आपलं गाळलेलं पाणी आठवतं. आपण दुहेरी कापडातून पाणी गाळतो आणि कापडावर राहिलेली जिवाणी ज्या पाण्यातून आली त्याच पाण्यात परत सोडतो. इतकी काळजी! आणि त्याच घरात ॲक्रिलिकचा स्वेटर मशीनमध्ये फिरतो. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी 2016 साली मोजलं, तर 6 किलो ॲक्रिलिक कपड्यांच्या एका धुण्यात 7 लाखांवर तंतू सुटू शकतात असं दिसलं. ते कुजत नाहीत. आपल्या उल्हास नदीतून आपण पाणी पितो, आणि सांडपाणी कुठल्या तरी नदीलाच जाऊन मिळतं. पाण्यातले जीव ते तंतू गिळतात. मेंढीला हात लावला नाही म्हणून माशाचा हिशेब सुटत नाही.

सुताचा पर्याय आहे, आणि बदलापुरात घालायला सूतच बरं. पण सूत लवचीक नसतं. कफ दोन दिवसांत सैल होतो आणि ओलं झालं की लवकर वाळत नाही. बर्फासाठी ते कामाचं नाही.

असं करत करत तिन्ही बाजूंना काही ना काही दोष निघाला आणि मी सुया ठेवून लोखंडी पेटी उघडली. खरी गोष्ट इथे सुरू होते.

पेटीत सासूबाईंनी विणलेला एक स्वेटर होता. खऱ्या लोकरीचा, गडद निळा, वीस वर्षं कुणी घातलेला नाही. कोपराला कसर लागलेली. सोबत लहान मुलांचे चार स्वेटर, दोन शाली, अर्धवट राहिलेले नऊ गुंडे. आणि कोपऱ्याकोपऱ्यात डांबरगोळ्या. दर वर्षी दिवाळीनंतर मीच त्या टाकत आले.

मैत्रिणींनो, गृहस्थाच्या हिंसेचे चार प्रकार आपण शिकलो आहोत: संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. स्वयंपाक, झाडलोट, धुणं यात जे घडतं ते आरंभी. ते पूर्ण टळत नाही, आपण सांभाळून वागतो. संकल्पी, म्हणजे ठरवून केलेली, ती मात्र सोडायचीच. आता मला सांगा, डांबरगोळी टाकताना हात काय ठरवून टाकतो? कसर हा हालचाल करणारा, त्रस जीव आहे. तो मरावा किंवा येऊच नये, म्हणूनच ती गोळी. रात्री दिवा लावल्यावर न जेवणारी मी, वीस वर्षं हे करत होते, आणि तेसुद्धा कुणी न घालणाऱ्या कपड्यासाठी. कांद्याची पात ताटात दिसली तर मी ताटावरून उठेन. पेटीकडे मात्र कधी पाहिलं नाही.

म्हणून म्हणते, लोकरीतला मोठा दोष आपल्या घरात आहे, तो साठवण्यात आहे. वापरातल्या, हवा-ऊन लागणाऱ्या कपड्याला कसर सहसा लागत नाही. ती लागते अंधारात पडून राहिलेल्याला. परिग्रह आणि हिंसा ही दोन वेगळी पापं म्हणून आपण पाठ करतो, पेटीत ती एकत्र नांदतात.

मी कॉमर्सची. शिल्लक माल मोजल्याशिवाय नवी खरेदी करायची नाही, हे पहिल्या वर्षाला शिकवतात. जुना स्वेटर उसवून कफ केला तर नवी मेंढी कातरावी लागत नाही, नवा ॲक्रिलिकचा गुंडा बनत नाही आणि पेटीतली गोळीही लागत नाही. झालेला दोष पुसला जात नाही, पण वाढत तरी नाही.

सासूबाईंच्या हातचं उसवायचं म्हणजे जिवावर आलं, खोटं कशाला बोलू? पण कसरीने खाल्लेला स्वेटर ही त्यांची आठवण कशी? त्यांनी तो कुणाला तरी ऊब मिळावी म्हणून विणला होता. आता त्यांच्या पणतीच्या पोटरीला मिळेल. सूनबाई आधी "आई, जुनाट वास येईल" म्हणाल्या. धुऊन वाळलेली लड हातात घेतल्यावर त्यांनीच विचारलं, माझ्यासाठीही जोडी होईल का? होईल, एका स्वेटरमध्ये सगळ्यांच्या होतील.

ज्यांना करायचं असेल त्यांच्यासाठी कृती. उसवण्याआधी कसरीचा स्वेटर मोकळ्या हवेत अलगद झटका, म्हणजे जीव असतील तर बाहेर पडतील. धागा उसवताना लड करा, चार ठिकाणी सैल बांधा. कोमट पाण्यात बुडवा, चोळू नका, नाहीतर लोकर घट्ट बसते. सावलीत टांगा, खाली थोडं वजन अडकवा, धाग्याच्या वळ्या निघून जातात.

माप असं घ्या. ज्या सुया वापरणार त्यांनी दोन सुलट दोन उलटचा छोटा नमुना विणा, किंचित ताणून मोजा. माझ्या नमुन्यात 8 सेंटीमीटरला 20 टाके आले. नातीची पोटरी 26, त्यातून 4 वजा केले, कारण वीण ताणली तरच धरून बसते. उरले 22. त्रैराशिक मांडलं तर 55 टाके. टाके चारच्या पटीत आणि वर दोन हवेत, म्हणून 54 घातले. सैल हाताने घाला. पहिली ओळ दोन सुलट दोन उलट, शेवट दोन सुलट. उलटून आलात की दोन उलट दोन सुलट, शेवट दोन उलट. पुढे टाका दिसतो तसा विणत जा. 15 सेंटीमीटर झालं की सुलटावर सुलट, उलटावर उलट असे सैल बंद करा. बाजू शिवताना दोन्हीकडचा एकेक टाका शिवणीत घ्या, मग वीण अखंड दिसते. धुवायचं ते क्वचित, थंड पाण्यात, हाताने.

एक आक्षेप उरतो. बाकावरची एक म्हणाली, "इतकं आहे तर बर्फात जायचंच कशाला?" तिचं चूक नाही. पण मुलांना घराबाहेरचं जग दाखवायचं, आणि ते पाहताना आपलं वागणं कसं असावं हेही दाखवायचं, असं मला वाटतं. नातीने माझ्यासोबत बसून धागा उसवला. गोळ्या का फेकल्या, हे तिने विचारलं आणि मी खरं ते सांगितलं.

पुढच्या थंडीची वाट पाहू नका. या आठवड्यात पेटी उघडा. घालण्याजोगं असेल ते ज्याला थंडी वाजते त्याला देऊन टाका. नसेल ते उसवा आणि कामाला लावा. जे ठेवायचंच, ते अधूनमधून उन्हात झटकून ठेवा, कडुलिंबाचा पाला घाला. नवा गुंडा घ्यायचा तर पेटी रिकामी झाल्यावर. तेव्हा मेंढीची की साधी, यावर बाकावर बसून पुन्हा बोलू. माझी पेटी अर्धी झाली आहे.

जय जिनेंद्र.