लाट घेतली, होडी सोडली

शनिवारी सकाळी मांडवा जेटीवर उतरणाऱ्या गर्दीकडे नीट बघा. आपल्या वयाचे बरेच जण कपड्यांच्या बाबतीत तीसेक वर्षं मागे गेलेले दिसतील. सैल टी-शर्ट, उन्हात विटल्यासारखे रंग, पाठीवर लाट, नारळाचं झाड आणि मावळता सूर्य, खाली ‘मालिबू’ नाहीतर ‘कॅलिफोर्निया’. क्विकसिल्व्हर, बिलाबाँग, रिप कर्ल, ओशन पॅसिफिक ही नावं पुन्हा हवीहवीशी झाली आहेत. एकेकाळी फॅशन स्ट्रीटवर घासाघीस करून, बहुतेकदा डुप्लिकेटच, घेतला जाणारा हा माल आता इन्स्टाच्या थ्रिफ्ट पेजवर ‘व्हिंटेज’ म्हणून मिळतो.

यात वाईट काहीच नाही. रेट्रो छान दिसतं आणि समुद्रावर जाताना समुद्राचं चित्र अंगावर असावं असं वाटणं साहजिक आहे. प्रश्न एवढाच आहे की या टी-शर्टबरोबर आपण नेमकं काय घरी आणतो आणि काय दुकानातच ठेवून येतो.

क्विकसिल्व्हरचा लोगो आठवा. उसळलेली पांढरी लाट आणि तिच्यामागे डोंगर. जपानी चित्रकार होकुसाईच्या १८३१च्या सुमाराच्या ‘कानागावाची महालाट’ या जगप्रसिद्ध चित्रावरून तो घेतलाय. मूळ चित्र मोबाइलवर मोठं करून बघा. त्या लाटेखाली तीन होड्या आहेत आणि होड्यांत वाकून बसलेली माणसं. ताजी मासळी बाजारात पोचवायला निघालेली. लोगो करताना लाट घेतली, डोंगर घेतला. होड्या मात्र राहून गेल्या.

लोगोत सगळं मावत नाही, हे मान्य. पण आपल्या डोक्यातल्या बीचचंही नेमकं हेच झालंय. अलिबाग, नागाव, काशीद, दिवेआगर म्हटलं की डोळ्यांसमोर लाट, सुरूचं बन आणि सनसेट येतो. होडी आली तरी फोटोच्या कोपऱ्यात. ती चालवणारा माणूस फ्रेममध्ये नसतोच.

खरं तर हे ब्रँड होडीवाल्यांसारख्याच, म्हणजे रोज पाण्यात उतरणाऱ्या माणसांनी सुरू केले होते. क्विकसिल्व्हर १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या टॉर्के या किनाऱ्यावरच्या गावात सुरू झाला. त्याच गावात त्याच वर्षी रिप कर्लही. त्यांना फॅशन करायची नव्हती, अडचण सोडवायची होती. साधी चड्डी लाटेच्या माऱ्यात सुटायची, ओली झाली की जड व्हायची. म्हणून पटकन वाळणारं कापड आलं, कंबरेला चापाची बटणं आणि वेल्क्रो आलं. बोर्डशॉर्ट्सची ही गोष्ट मुळात कामाच्या कपड्याची आहे.

पुढे मात्र काम मागे पडलं आणि आठवण विकली जाऊ लागली. याचा कळस म्हणजे हॉलिस्टर. हा अमेरिकी ब्रँड सुरू झाला २००० साली, पण टी-शर्टवर छापलं १९२२. जोडीला समुद्रवेड्या संस्थापकाची एक सुंदर गोष्टही रचली. ना ते साल खरं, ना तो माणूस. कॅलिफोर्नियातलं हॉलिस्टर नावाचं खरं शहर तर समुद्रापासून आत आहे! तरी जगभरच्या मुलांनी ती आठवण विकत घेतली. पण नुसत्या आठवणीवर धंदा किती दिवस चालणार? फेब्रुवारी २०२५ मध्ये क्विकसिल्व्हर आणि बिलाबाँगची अमेरिकेतली दुकानं चालवणारी कंपनी दिवाळखोरीत गेली आणि शंभरहून जास्त दुकानं बंद झाली.

आता आपल्या किनाऱ्याकडे या. आपल्याकडेही कामाचा कपडा होताच. कोळी पुरुषांचा कंबरेला तिरका गुंडाळलेला चौकडीचा रुमाल ही आपली बोर्डशॉर्टच. आखूड, जाळं ओढताना पायात न येणारा, झटकन वाळणारा. तो आज आपल्याला कुठे दिसतो? गॅदरिंगच्या कोळी डान्समध्ये. म्हणजे आपल्या किनाऱ्याचा कपडा स्टेजवरच्या फॅन्सी ड्रेसमध्ये गेला आणि टॉर्केचा कपडा घालून आपण काशीदच्या वाळूत उतरतो.

कपड्याचं एकवेळ सोडून देऊ. खरी काळजी त्या कपड्यामागच्या समजेची आहे. ऑस्ट्रेलियात मुलं पाच-सहा वर्षांची झाली की सुट्टीच्या दिवशी ‘निपर्स’ नावाच्या वर्गांना जातात. पोहणं, लाट ओळखणं, दुसऱ्याला वाचवणं तिथे शिकवतात. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच पोहायचं हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. सर्फच्या कपड्यांची सगळी बेफिकिरी या समजेवर उभी आहे. आपण फक्त बेफिकिरी उचलली.

तिची किंमत रायगडच्या किनाऱ्याने पाहिलीय. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून मुरुडला सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडून गेले. आपल्याच वयाची मुलं. पावसाळा नव्हता, वादळ नव्हतं. ज्या दिवसांत समुद्र शांत आहे असं आपण समजतो, त्याच दिवसांत हे झालं. त्यानंतरही दर वर्षी कुठल्या ना कुठल्या बीचवरून तशी बातमी येतच राहते. आपण रील बंद करून हळहळतो आणि पुढच्या वीकेंडचं बुकिंग करतो.

जूनमध्ये पावसाळी मासेमारी बंदी सुरू झाली की समुद्र ज्यांना सगळ्यात जास्त कळतो ते कोळी होड्या वर ओढतात. नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण केल्याशिवाय होडी पाण्यात घालायची नाही ही जुनी रीत आहे. नेमक्या त्याच दिवसांत ‘मान्सून व्हाइब्स’ म्हणून पाण्यात उतरतो ते आपण.

किनाऱ्यावरची समज काही गूढ नाही. एक जुना हिशेब बघा. कॅलेंडरमधली तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची, येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची साधारण वेळ. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती आणि त्याआधी सहाएक तास ओहोटी. पौर्णिमेनंतर तिथी पुन्हा एकपासून मोजायची. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती, पाणी जास्त चढतं आणि जास्त आत जातं. अष्टमीच्या आसपास भांगाची, तेव्हा चढउतार कमी. हिशेब ढोबळ आहे, वेळ थोडी इकडेतिकडे होते. कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जायचं असेल तर परतीची वेळ स्थानिकांना विचारायलाच हवी. पण जेवून दीड वाजता पाण्यात उतरताना पाणी चढतंय की उतरतंय एवढं तरी यातून कळतं.

दुसरी गोष्ट ओढीची. लाटांनी आणलेलं पाणी कुठेतरी अरुंद वाटेने जोरात परत जातं. त्याला रिप करंट म्हणतात. त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, त्यामुळे नवख्याला तीच जागा सुरक्षित वाटते. त्यात सापडलात तर थेट किनाऱ्याकडे झगडत पोहायचं नाही, माणूस दमतो आणि तिथेच संपतो. घाबरून न जाता किनाऱ्याला समांतर सरकायचं, ओढीतून बाहेर पडायचं आणि मग परत फिरायचं. हे दहावीपर्यंतच्या कुठल्या तासाला आपल्याला कुणी सांगितलं होतं?

होडी चित्रात परत आणता येते, याचं उदाहरण आपल्याच देशात आहे. चेन्नईजवळच्या कोवलममध्ये मूर्ती मेगावन या मच्छीमार घरातल्या तरुणाने सर्फिंग शिकून सर्फ स्कूल उभं केलं आणि गावातली मच्छीमारांची मुलं तिथे शिकली, पुढे शिकवू लागली. समुद्र त्यांना आधीपासून कळत होता, फळी नंतर आली. रायगडच्या लाटा सर्फिंगला तशा नसतीलही. पण क्रम तोच हवा, आधी समुद्र आणि मग स्टाइल.

म्हणून मागण्या साध्या आहेत. गर्दीच्या प्रत्येक बीचवर झेंडे आणि जीवरक्षक हवेत. ती नोकरी किनाऱ्यावरच्या कोळी तरुणांना मिळावी, नियमित पगारावर, नुसती सीझनपुरती नाही. भरती-ओहोटीचा त्या दिवसाचा फलक पार्किंगपाशीच लागावा, कारण सगळे तिथेच उतरतात. कॉलेजांनी सहलीच्या परवानगी अर्जाबरोबर तासाभराचं समुद्र-प्रशिक्षण ठेवावं. आणि आपण? आपण पाण्यात उतरण्याआधी जाळं विणत बसलेल्या काकांना ‘आज पाणी कसं आहे?’ एवढं विचारावं. ते ‘नको’ म्हणाले तर ऐकावं.

रेट्रो टी-शर्ट खुशाल घाला. जमलं तर आपलाही एक काढू. ‘अलिबाग से आया है क्या?’ या टोमण्यावर बंदी घाला म्हणून कुणीतरी हायकोर्टात गेलं होतं आणि २०१९ मध्ये कोर्टाने ती याचिका फेटाळली. मग तोच टोमणा छातीवर छापू, खाली ‘हो, तिथूनच!’ आणि पाठीवर तिथी आणि पाऊणपटीचा तक्ता. चित्रात लाट असेलच. तिच्याखाली एक होडी काढायची, आत बसलेल्या माणसांसकट.