चार पास्ते, एक कुळ
रोमच्या साध्या त्रात्तोरियात, म्हणजे खानावळीत, कागद अंथरलेल्या टेबलावर, थोडं थोडं चाखायचंच असेल तर हे चार पास्ते मागवावेत. महागड्या हॉटेलांतला टेस्टिंग मेन्यू मला कंटाळवाणा वाटतो. घास एवढासा, वेटरचं निरूपण मात्र लांबलचक. इथे बशीगणिक नातं उलगडतं. ग्रीचा या पास्त्यात डुकराच्या गालाचं खारवलेलं मांस, मेंढीच्या दुधाचं पेकोरिनो चीज आणि मिरपूड. त्यात टोमॅटो पडला की अमात्रिचाना, अंडं पडलं की कार्बोनारा. मांस वगळून नुसतं चीज आणि मिरपूड ठेवली तर काचो ए पेपे. क्रीम कशातच नाही (आपल्याकडे कार्बोनारात ते सर्रास ओततात!). पावाचे पैसे बिलात बहुधा वेगळे लागतात, तेव्हा बशीतला सॉस त्याच पावानं खुशाल पुसून खावा. तिथे कुणी नाक मुरडत नाही.