विश्लेषण : नापा खोऱ्यातील डोंगरावर सायकलींना पायवाट बंद का?

कॅलिफोर्नियातील नापा खोरे वाइनसाठी प्रसिद्ध आहे. त्याच्या उत्तर टोकावरील माउंट सेंट हेलेना (१,३२३ मीटर, म्हणजे कळसूबाईहून सुमारे ३०० मीटरने कमी) माउंटन बायकिंग करणाऱ्यांना खुणावतो. माथ्यावरून द्राक्षमळे दिसतात. मात्र पायथ्याची सावलीची पायवाट सायकलींना बंद आहे.

कारण काय?

लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन १८८० मध्ये पत्नीसह जिथे राहिला, त्या ओसाड चांदीच्या खाणीच्या जागेवरून ही अरुंद, नागमोडी वाट जाते. वळणावर उतरणारी सायकल समोर आली तर चालणाऱ्याने बाजूला व्हायचे कुठे? शिवाय ब्रेक दाबून घसरणारी चाके माती उकरतात आणि हिवाळी पावसाचे पाणी त्याच चरांतून धावते. बायकरांना जाचक वाटणारी ही बंदी म्हणूनच रास्त ठरते.

मग सायकली कुठून जातात?

वणवा विझवणाऱ्या गाड्यांसाठीच्या रुंद, कच्च्या रस्त्यावरून. ही सोय नावापुरती नाही. २०१७ मध्ये जवळच्या कॅलिस्टोगाजवळ भडकलेल्या टब्स वणव्याने २२ बळी घेतले. या रस्त्यावर समोरचे लांबून दिसते. सावली मात्र फारशी नाही. उन्हाळ्यात पहाटेच निघालेले बरे.