टायरचे आयुष्य कशाने मोजावे?

वार्षिक अंकासाठी माजी विद्यार्थी ह्या नात्याने काही लिहून द्यावे, असा गुरुजींचा निरोप आला, तेव्हा मोटारसायकलच्या टायरांविषयी लिहिले तर चालेल काय, असे मी भीतभीतच विचारले. ‘‘निबंधाच्या तासाला पावसाळ्यावर दहा ओळी लिहिताना तुझी बोटे दुखत, आणि आता टायरवर लिहिणार?’’ असे ते म्हणाले. परंतु नको म्हणाले नाहीत. त्या अनुमतीच्या बळावर हे धाडस करीत आहे.

विषय वाटतो तितका परका नाही. आपल्या बेळगावावरून पुणे-बंगळूर महामार्ग जातो, आणि जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाटाने अथवा आंबोलीच्या घाटाने उतरले की गोवा-कोकण गाठता येते. सरळ रस्ता आणि वळणांचा रस्ता असे दोन्ही आपल्या वेशीपाशीच सुरू होतात. तेव्हा मोठ्या मोटारसायकली बाळगण्याची हौस आपल्या गावात वाढावी ह्यात नवल नाही. आज ह्या शाळेत शिकणाऱ्या कित्येकांच्या थोरल्या भावांच्या, काकांच्या घरी अशी गाडी उभी असेल. रविवारी पहाटे चहाच्या टपरीपाशी ह्या मंडळींचा मेळावा जमतो. त्यात टायरांची गोष्ट निघाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘‘किती किलोमीटर चालला?’’ हा प्रश्न अपुरा आहे, किंबहुना फसवा आहे, आणि त्यापायी माणसे घसरतात, असे माझे मत झाले आहे. ते मत मला फुकट मिळालेले नाही.

शर्यतीच्या गाडीची चपळाई आणि लांबच्या प्रवासाची सोय ज्या मोटारसायकलीत एकत्र आणलेली असते, तिला स्पोर्ट-टूरिंग म्हणतात. तिच्या टायरांकडून आपण दोन परस्परविरुद्ध अपेक्षा करतो. वळणावर त्यांनी रस्ता घट्ट धरावा आणि तरीही ते पुष्कळ दिवस टिकावे. ह्या दोन गोष्टींचे वैर रबराच्या स्वभावातच आहे. मऊ रबर रस्त्याच्या बारीकसारीक खडबडीत शिरते, दाबले जाते, आणि दाब गेल्यावर लगेच मूळ रूपावर न येता जरा रेंगाळते. ह्या रेंगाळण्यातूनच पकड निर्माण होते; परंतु त्यातच उष्णताही निर्माण होते, आणि असे रबर लवकर झिजते. उलट कठीण रबर दीर्घायुषी खरे, पण रस्त्याशी त्याची मैत्री बेताचीच.

कारखानदारांनी ह्या वैरातून एक तोड काढली. गाडी सरळ जात असता टायरचा मधला भाग झिजतो आणि वळणावर कललेली असता कडेचा भाग रस्त्याला लागतो. म्हणून मध्ये कठीण आणि कडांना मऊ असे दोन जातींचे रबर एकाच टायरात घालावयाचे. मिशेलिन कंपनीने २००५ साली ‘पायलट पॉवर टू-सीटी’ ह्या टायरात हे केले आणि २००७ साली ‘पायलट रोड टू’ ह्या प्रवासी टायरात. शिवाय काजळीच्या जोडीला रबरात सिलिका मिसळण्याची रीत रूढ झाल्यामुळे थंड आणि ओल्या रस्त्यावरही पकड राहू लागली. शर्यतीकडे झुकलेला मागचा टायर साधारणपणे पाच-सहा हजार किलोमीटरांत आटोपतो. स्पोर्ट-टूरिंग टायर दहा-बारा हजार, आणि हात सौम्य असेल तर त्याहूनही अधिक चालतो. आकडा मोठा, म्हणून टायर चांगला, ही समजूत येथून सुरू होते.

आता दहावीच्या विद्यार्थ्यांनी थोडे गणित माझ्याबरोबर करावे. वळणावर मोटारसायकल किती कलते? वेग सेकंदाला मीटर ह्या हिशेबात घ्या, त्याचा वर्ग करा, आणि त्याला वळणाच्या त्रिज्येने व ९.८ ने भागा. जी संख्या येईल ती कलण्याच्या कोनाची टॅन्जेन्ट होय. (टायरच्या रुंदीमुळे प्रत्यक्षात गाडी आणखी थोडी कलते, ते तूर्त सोडून देऊ.) घाटातील एखाद्या वळणाची त्रिज्या २० मीटर धरा. ताशी ३६ कि.मी. म्हणजे सेकंदाला १० मीटर. तेव्हा संख्या आली ०.५१ आणि कोन सुमारे २७ अंश. आता वेग ताशी ५० कि.मी. करा. संख्या ०.९८ येते, आणि कोन जवळजवळ ४५ अंश! वेग दीडपटही झाला नाही, आणि मागणी मात्र दुप्पट झाली.

हीच संख्या टायरने रस्त्याकडून किती पकड मागितली पाहिजे तेही सांगते. कोरड्या, चांगल्या डांबरी रस्त्यावर उत्तम टायर एक किंवा त्याहून किंचित अधिक इतकी पकड देतो. पावसात ती पुष्कळच खाली येते. आणि ही सारी देवघेव चालते कशावर? रस्त्याला प्रत्यक्ष टेकलेला टायरचा भाग तळहाताएवढा असतो. पुढचा एक तळहात आणि मागचा एक, एवढ्यावर गाडी, चालवणारा आणि त्याच्या पाठीशी बसलेले माणूस असा सगळा संसार उभा असतो.

टायर झिजतो म्हणजे त्याचे रबर कमी होते, एवढेच आपण समजतो. वस्तुतः त्याचा आकारही बदलतो. मोटारसायकलचा नवा टायर आडव्या छेदात कमानीसारखा गोल असतो, म्हणून गाडी एका बाजूस कलताना ती क्रिया अखंड आणि सारख्या गतीने होते. महामार्गावर शेकडो मैल नाकासमोर गेल्यावर ही कमान मध्ये सपाट होते आणि सपाटीच्या दोन्ही बाजूंस धार उमटते. असा टायर घाटात नेला की गाडी आधी वळण्यास नकार देते, आणि ती धार ओलांडताच एकदम आत पडते. चालवणाऱ्याला वाटते आपलाच हात बिघडला. हा बदल इतक्या सावकाश होतो की रोज तीच गाडी चालवणाऱ्याच्या तो लक्षातच येत नाही. घरातले मूल केव्हा उंच झाले ते पाहुण्यालाच आधी दिसते, तसे हे आहे. भरीला चर उथळ झालेले असतात, त्यांत पाणी मावत नाही. आणि वारंवार तापून-निवून उरलेले रबरही पहिल्याइतके मऊ राहत नाही.

मी उद्यमबागेत एका लहानशा कारखान्यात काम करतो. लोखंड तपासणे हा माझा रोजचा व्यवसाय. तरी माझ्या स्वतःच्या टायरांकडे मी तपासनिसाच्या नजरेने पाहिले नाही. पहिला जोड शर्यतीच्या जातीचा होता, तो पाच हजारांच्या आत संपला. तो खर्च मनाला इतका लागला की दुसऱ्या खेपेस दुकानदाराला मी एकच प्रश्न विचारला, जो टपरीवर विचारतात तोच. त्याने दिलेला टायर गुणाचा होता, ह्यात शंका नाही. आठ हजारांपर्यंत त्याविषयी माझी काही तक्रार नव्हती. त्यापुढे मात्र गाडी वळणावर अडखळू लागली. परंतु चरांच्या तळाशी झीज दाखवण्यासाठी रबराचे जे उंचवटे ठेवलेले असतात, त्यांच्यापर्यंत टायर अजून आला नव्हता. म्हणजे नियमाने तो जिवंत होता. पावसाळा ह्यावरच काढू, दसऱ्याला नवे घेऊ, असा मी बेत केला.

जुलैच्या एका सकाळी चोर्ला गाव मागे टाकून साखळीच्या बाजूला उतरताना एका डाव्या वळणावर मागचे चाक माझ्याखालून निघून गेले. वेग ताशी ३५ च्याही आत असेल. गाडी एकीकडे आणि मी दुसरीकडे असे रस्त्यावरून घसरत गेलो. समोरून एक ट्रक वर चढत होता. त्याच्या चालकाने तो वेळीच थांबवला म्हणून हा लेख लिहिण्यास मी आहे. त्या गृहस्थाने मला हात देऊन उठवले, गाडी कडेला लावली आणि मागचा टायर पाहून कानडीत एवढेच विचारले, ‘‘घरी कोणी आहे की नाही?’’ आई, पत्नी आणि ह्याच शाळेत आठवीत शिकणारी मुलगी आहे, असे मी सांगितले. त्यावर तो काही बोलला नाही.

रस्त्यावर शेवाळ असावे, कोणाचे तेल सांडले असावे, असे पहिले आठ दिवस मी भेटेल त्याला सांगत होतो. माझा मित्र मात्र माझ्याहून जड गाडी घेऊन, अर्ध्या मिनिटापूर्वी, त्याच वळणावरून बिनघोर गेला होता. त्याचे टायर दोन हजार किलोमीटर चाललेले होते. ह्याला शास्त्रीय प्रयोग म्हणता येणार नाही हे मी जाणतो, पण शेवाळाची गोष्ट सांगणे मी त्यानंतर बंद केले.

कायद्याने आखलेली रेषा ही निसर्गाची रेषा नव्हे. मोठ्या मोटारसायकलीच्या टायरावर ब्रिटनमध्ये किमान १ मिलिमीटर खोल चर पुरतात, जर्मनीत १.६ लागतात. म्हणजे एकच टायर एका देशात निर्दोष आणि दुसऱ्या देशात गुन्हेगार! पाणी मात्र दोन्हीकडे सारखेच ओले असते.

टायर बनवणाऱ्यांनाही ही गोष्ट उमगली आहे, हे मला विशेष वाटते. २००९ साली पिरेली कंपनीने ‘एंजल एसटी’ नावाचा टायर काढला, त्याच्या नव्या रबरावर देवदूताची आकृती होती आणि झीज झाली की तेथे सैतान दिसू लागे. कंपनीचा हेतू गमतीचा होता. मला त्यात अनुभव दिसतो. मिशेलिनने २०११ च्या ‘पायलट रोड थ्री’मध्ये पाणी कापण्यासाठी रबरात सुरीने चिरल्यासारख्या बारीक फटी घातल्या. पुढे २०१८ साली ‘रोड फाइव्ह’ आला, तेव्हा त्यातील फटी रबर झिजेल तसतशा आत रुंदावत जातील अशा घडवल्या होत्या. आमचा हा टायर पाच हजार किलोमीटर चालल्यावरही ओल्या रस्त्यावर आमच्याच आधीच्या कोऱ्या टायराइतक्या अंतरात थांबतो, असा कंपनीने दावा केला. दावा कंपनीचा आहे, तेव्हा त्यातील मीठमसाला वजा करावा. परंतु प्रश्न कसा बदलला ते पाहा. टायर किती चालतो हे न सांगता, चालून झाल्यावर तो कसा वागतो, हे त्यांनी सांगितले. टायरांची तुलना व्हावयाची ती अशी व्हावी.

खर्चाचे काय, असे घरचा जमाखर्च पाहणारे वाचक विचारतील. तो प्रश्न मुळीच हलका नाही. उदाहरणादाखल धरून चालू की मागचा टायर १८,००० रुपयांचा आहे आणि तो १२,००० किलोमीटर चालतो. दर किलोमीटरला दीड रुपया झाला. तोच मी ९,००० वर काढला तर दोन रुपये. म्हणजे शेवटच्या तीन हजारांचा मोह टाळण्याची किंमत किलोमीटरमागे पन्नास पैसे. एवढ्या मोठ्या गाडीला तेवढ्याच अंतरासाठी पेट्रोल ह्याच्या दहापट लागते, आणि त्याबद्दल आपण कधी घासाघीस करीत नाही.

ह्याचा अर्थ सर्वांनी मऊ टायर घ्यावेत असाही कोणी लावू नये. आमच्या टपरीवर दुसरा एक पंथ आहे. तो शर्यतीच्या टायरांखेरीज कशालाही टायर म्हणत नाही. पण ते रबर तापल्यावाचून खुलत नाही, आणि आंबोलीच्या धुक्यात, अंगावर शहारे आणणाऱ्या पावसात ते तापावयाचे कसे? तेथे प्रवासी टायरच अधिक विश्वासाचा. गुण रबराचा तसा प्रसंगाचाही असतो. हवेचा दाब महिनोन्‌महिने न पाहणाऱ्यापुढे तर दोन्ही टायर सारखेच हतबल. टायरच्या कडेवर अखेरचे चार अंक कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. तेवढे विकत घेतानाच वाचावेत, कारण दुकानात पडून जुनी झालेली वस्तू नवी म्हणून आपल्या पदरी पडू शकते.

गेल्या मे महिन्यात माझा तिसरा जोड ९,१०० किलोमीटरांवर उतरवला. दुकानदार अंगठ्याने चर चाचपून म्हणाला, ‘‘साहेब, अजून तीन हजार सहज चालतील. ठेवून जा, कोणीतरी गरजू घेऊन जाईल.’’ मी त्याच्याकडे लोखंड कापावयाची करवत मागितली. त्याने आधी माझ्याकडे आणि मग टायराकडे पाहिले, आणि आतून करवत आणून दिली. टायर कापणे सोपे नसते, आत तारा असतात. अर्धा तास लागला. शेवटच्या चार बोटांना त्यानेच दुसऱ्या बाजूने धरून ठेवले.